घासलेल्या खिडक्या

रोलाँची लेक सेलेस्त सव्वा वर्षाची असताना जिन्यावरून गडगडली आणि तिच्या हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून रोलाँच्या सासऱ्याने एक वाक्य तोंडपाठच करून ठेवलं होतं. घरी कुणी आलं की आल्देरिक म्हातारा पोरीची हनुवटी वर करून दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघा. आमचे जावईबापू जिन्याला फाटक लावायचं ठरवत होते. अजून ठरवतायत."

फाटक आणलेलं होतं, पण ते खोक्यातच होतं. रोलाँ तसा आळशी नव्हता. लुइस्टनच्या गिरणीत तो माग दुरुस्त करायचा, आणि बिघडलेला माग त्याच्या हाताखाली आला की चालू होऊनच जायचा. पण घरचं काम म्हटलं की 'येत्या शनिवारी' हा त्याचा ठरलेला जबाब. शनिवार यायचा, शेगडीवर घेवड्याचं भांडं दिवसभर रटरटायचं, कुणी मित्र पत्ते खेळायला यायचा आणि शनिवार सरायचा.

म्हणून म्यूरिएलला पुन्हा दिवस गेले तेव्हा ती नवऱ्यावर रागावली नाही, ओरडली नाही. हात पुसत एवढंच म्हणाली, "रोलाँ, या खेपेला आधी घर नीट कर, मग बाळ येईल. उलटं नको."

त्याला ते लागलं. हनुवटीवरचा तो व्रण तो रोज बघत होता.

घर आल्देरिकच्या बापाने बांधलेलं. लाकडी, तीन मजली, मागच्या बाजूला कपडे वाळत घालायचे लांबलचक सज्जे. खाली आल्देरिक एकटा राहायचा, मधल्या मजल्यावर हे तिघं, आणि वरचा मजला त्या वर्षी रिकामाच होता. दवाखान्यातल्या नर्सने म्यूरिएलला सहज विचारलं होतं, घर जुनं आहे का, रंगाचे पोपडे निघतात का. जुन्या रंगात शिसं असतं, लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये. एवढंच. रात्री जेवताना म्यूरिएलने ते सांगितलं तेव्हा रोलाँ घास तसाच ठेवून उठला आणि खिडकीपाशी गेला. तावदान वर सरकवलं, खाली ओढलं. चौकटीतून रंगाचे बारीक तुकडे फळीवर सांडले, माशाच्या खवल्यांसारखे.

"शिसं?" आल्देरिक हसला. तो रोज रात्री लेकीकडे जेवायला वर यायचा. "अरे, या खिडक्यांना टेकून आम्ही सात भावंडं वाढलो. मला दात येत होते तेव्हा मी ही फळी चावायचो म्हणे."

"तरीच," म्यूरिएल म्हणाली, आणि तिघंही हसले. सगळे हसतात म्हणून सेलेस्तही हसली.

सेलेस्त तेव्हा अडीच वर्षांची होती आणि तिच्या तोंडाला टाळा म्हणून नव्हता. सज्ज्यावर येणाऱ्या कबुतरांना तिने नावं दिली होती. घरातला केर ओढायचा जुना व्हॅक्यूम सुरू होताना खोकल्यासारखा आवाज काढायचा, म्हणून त्याला ती 'म्हातारा' म्हणायची. आल्देरिकला आधी वाटलं ती आपल्यालाच म्हणते. मग ती खरंच त्यालाही म्हणायला लागली.

जुलैत गिरणी सुट्टीसाठी बंद झाली. रोलाँने यादी-बिदी केली नाही, मनाशी पक्कं केलं की परत भोंगा वाजायच्या आत घर असं करायचं की बाळाला ओरखडा उठता कामा नये. म्यूरिएलला सातवा महिना होता, पाय सुजत होते. धुळीत आणि रंगाच्या वासात तिने राहू नये म्हणून त्याने तिला बिडेफर्डला, समुद्राकाठी, तिच्या बहिणीकडे लोरेनकडे पाठवायचं ठरवलं.

"सेलेस्तला घेऊन जाते," म्यूरिएल म्हणाली.

"राहू दे तिला. ती बरोबर असली की तुला घडीभर पाठ टेकता येणार नाही. लोरेनकडे जागा तरी कुठाय?"

"तू काम करणार की पोर सांभाळणार?"

"दोन्ही करीन. आणि खाली तुझे बाबा आहेतच की."

म्यूरिएलने पोरीकडे पाहिलं. पोर बापाच्या पायाला मिठी मारून उभी होती. म्यूरिएल इतकी थकली होती की तिने जास्त ताणलं नाही. लोरेनचा नवरा गाडी घेऊन आला तेव्हा सेलेस्तने सज्ज्यावरून आईला टाटा केला आणि आई दिसेनाशी होताच विचारलं, "आता काय करायचं, पापा?"

रोलाँने भाड्याने विजेवरचं घासायचं मशीन आणलं. ते चौकटीला लावलं की जुना रंग भुकटी होऊन उडायचा. रंगाखाली रंग निघत गेला. पांढऱ्याखाली पिवळट, पिवळटाखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा पांढरा, आणि मग कुठे ते जुनं चांगलं लाकूड. लाकूड दिसलं की रोलाँला मोठं समाधान वाटायचं. विष मुळासकट काढतोय आपण, असं त्याच्या मनात यायचं.

पहिल्या दिवशी खिडक्या उघड्या होत्या. दुपारी खालून आल्देरिकची हाक आली. त्याने अंगणात टोमॅटो लावले होते.

"अरे ए, माझ्या झाडांवर पीठ पडतंय. लाव त्या खिडक्या."

रोलाँने खिडक्या लावून घेतल्या. स्वतःच्या तोंडाला रुमाल बांधला, पोरीच्याही बांधला. तिचा रुमाल दोन मिनिटांत गळ्यात आला. त्याने पुन्हा बांधला, तो पुन्हा खाली आला. मग तो कामात गुंतला.

सबंध घरावर पांढरी भुकटी बसली. टेबलावर, गादीवर, सोफ्यावर, सेलेस्तच्या कापडी सशावर. ती अनवाणी चालायची आणि मागे वळून आपली पावलं बघायची. बोटाने जमिनीवर कबुतरं काढायची. दुपारी रोलाँ तिला पावावर जॅम लावून द्यायचा आणि दोघं फरशीवरच बसून खायचे. एकदा बोट चाखत ती म्हणाली, "पापा, पीठ गोड आहे."

"जॅम आहे तो, वेडाबाई," रोलाँ म्हणाला.

संध्याकाळी तो व्हॅक्यूम फिरवायचा. पुढून धूळ आत जायची आणि जी अगदी बारीक, ती मागून परत हवेत यायची. ते त्याला दिसलं नाही. दिसण्यासारखं नव्हतंच.

खिडक्या झाल्या, दारांच्या चौकटी झाल्या, बाळाच्या खोलीतली लाकडी पट्टी झाली. सगळ्याला त्याने नवा पांढरा रंग दिला. जिन्याच्या तोंडाशी फाटक बसलं. ओट्याखालच्या कपाटांना आकडे बसले. घर उबदार ठेवणाऱ्या भिंतीतल्या गरम नळ्यांपुढे त्याने जाळीची चौकट केली, टेबलाचे कोपरे तासून गोल केले. म्यूरिएल परत आली तेव्हा तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बघून घे."

ती खोलीखोलीतून फिरली. प्रत्येक खिडकी वर-खाली करून पाहिली. एकही पोपडा निघाला नाही. बाळाच्या खोलीत ती पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता ये म्हणावं त्याला," ती म्हणाली.

आल्देरिकनेही घर पाहिलं, फाटक दोनदा हलवून पाहिलं. "ठरलं एकदाचं," एवढंच म्हणाला. पण त्या दिवशी खाली जाताना त्याने रोलाँच्या पाठीवर हात ठेवला. पुढचे दोन महिने त्या घरात जो आनंद होता तो रोलाँला नंतर आठवायचाही धीर झाला नाही.

मुलगा झाला. नाव मात्यू. गुटगुटीत, शांत, आई-बापाला झोपू देणारं पोर.

बिनसलं ते सेलेस्तचं. आधी तिचं जेवण गेलं. पोट दुखतं म्हणायची, तासन्‌तास संडासावर बसायची, रडायची. मग हट्ट सुरू झाले. कधी न केलेले, भिंतीवर डोकं आपटण्याचे.

"दुसरं आलं की पहिलं रुसतंच," आल्देरिक म्हणाला. "मीही रुसलो होतो. माझ्यामागून तर सहा आले."

सगळ्यांना ते पटलं. म्यूरिएल तिला जास्त जवळ घ्यायला लागली, रोलाँ गिरणीतून येताना खाऊच्या गोळ्या आणायला लागला. पण ती रुसली नव्हती. तिचे शब्द हरवत चालले होते. कबुतरं सज्ज्यावर यायची आणि ती नुसती बघायची. एकदा रोलाँने मुद्दाम व्हॅक्यूम सुरू केला आणि विचारलं, "हा कोण गं?" सेलेस्तने त्याच्याकडे पाहिलं, व्हॅक्यूमकडे पाहिलं, आणि बराच वेळ काहीतरी शोधल्यासारखं करून ती तिथून निघून गेली. रोलाँ व्हॅक्यूम हातात घेऊन तसाच उभा राहिला. तेव्हा पहिल्यांदा त्याला भीती वाटली.

थंडी पडल्यावर म्यूरिएल मात्यूला टोचायला दवाखान्यात घेऊन गेली. सेलेस्त बरोबर होती, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर पडलेली. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासता तपासता तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही नेहमी अशीच असते?" म्यूरिएलने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिलाच ते सगळं एका जागी ऐकू आलं. बाईंनी सेलेस्तच्या दंडातून रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला आणि त्याच संध्याकाळी ते तिला घेऊन पोर्टलंडच्या इस्पितळात गेले. तिच्या रक्तात शिसं होतं. थोडंथोडकं नव्हतं.

आरोग्य खात्याकडून एक बाई घर बघायला आल्या. ओल्या फडक्यांनी त्यांनी खिडक्यांच्या फळ्या पुसल्या, सोफ्याच्या फटी पुसल्या, गालिच्याची कड उचलून खालची जमीन पुसली. प्रत्येक फडकं वेगळ्या पिशवीत ठेवलं. रोलाँ त्यांच्या मागे मागे फिरत होता.

"रंग नवा आहे," बाई म्हणाल्या. "त्याच्याआधी जुना घासून काढला होता का?"

"हो."

"कोरडाच? मशीनने?"

"हो. शेवटपर्यंत काढला. काही ठेवलं नाही."

बाईंनी हातातलं काम थांबवलं. "कोणी काढला?"

"मी."

मग त्यांनी सांगितलं ते अगदी हलक्या आवाजात. लाकडावर होता तोवर तो रंग खूपसा जागच्या जागी होता. पोपडे वेचून, ओलं करून, वरून नवा थर देऊन भागलं असतं. घासल्यावर त्याची धूळ झाली, आणि ती दिसेनाशी झाली तरी घरातच राहिली. मूल खेळतं, हात तोंडात घालतं.

"पुष्कळ लोक असंच करतात," त्या म्हणाल्या. "पोरांसाठीच करतात."

रोलाँने मान डोलावली. त्या गेल्यावर तो जिन्यात बसला. समोर फाटक होतं.

इस्पितळात सेलेस्तला जे औषध देत होते त्याला कुजक्या अंड्यांचा वास यायचा. सफरचंदाच्या गरात मिसळलं तरी तिला कळायचं. ती दात घट्ट मिटून घ्यायची आणि मग रोलाँने तिचे हात धरायचे, म्यूरिएलने चमचा घालायचा. ती ओरडत नव्हती. बापाच्या तोंडाकडे बघायची फक्त, हे तू का करतोयस असं विचारल्यासारखं. एकदा तिला झोप लागल्यावर दोघं बाहेर येऊन बाकावर बसले. मात्यू म्यूरिएलच्या मांडीवर होता. त्याचंही रक्त तपासलं होतं. त्याचं ठीक होतं. तो अजून रांगत नव्हता.

म्यूरिएल समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मला पाठवलंस. आणि तिला ठेवून घेतलंस."

तिला उत्तर नको होतं. पुन्हा कधी तिने हा विषय काढला नाही. काढला असता, ओरडली असती, भांडी फेकली असती, तर बरं झालं असतं असं त्याला वाटायचं. पण ती त्याच्याशी नीट वागायची. पाहुण्याशी वागावं तशी.

त्या घरात परत जायचं नव्हतं. नदीपलीकडे ऑबर्नला त्यांनी नव्या बांधकामातलं एक बसकं घर भाड्याने घेतलं. जुन्या घरातला सोफा, गाद्या, सेलेस्तचा ससा, सगळं टाकून दिलं. सशासाठी ती आठवडाभर दारात जाऊन उभी राहत होती. आल्देरिक मात्र तिथेच राहिला. "माझ्या बापाचं घर आहे. त्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही," म्हणाला. "आहे त्याला हात लावला नसता तर काही झालं नसतं." यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून रोलाँ गप्प बसला. टोमॅटोंची गोष्ट त्याने कधीच काढली नाही.

मात्यू रांगायला लागला. म्यूरिएल म्हणाली, कपाटांना आकडे लावायला हवेत. रोलाँने आकडे आणले, पेचकस हातात घेतला, कपाटापुढे गुडघे टेकले आणि तिथेच राहिला. हात पुढे जाईना. अर्ध्या तासाने म्यूरिएल आली, तिने त्याच्या हातून पेचकस घेतला आणि एकेक आकडा स्वतः बसवला. त्यानंतर घरातली ठोकाठोकी तीच करायची. गिरणीत तो पूर्वीसारखाच चांगला कामगार होता. घरात त्याने एक खिळा ठोकला नाही.

सेलेस्तच्या रक्तातलं शिसं उतरत गेलं. पण जे गेलं ते आलं नाही. डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं, आणि तरी दोघं दरवर्षी वाट बघत राहिले. शब्द आले, पण हळूहळू आणि मोजके. शाळेत ती वेगळ्या वर्गात बसायची. सांगितलेलं विसरायची, चिडली की हातातलं फेकायची, आणि मग स्वतःच घाबरून बापापाशी येऊन त्याच्या काखेत डोकं खुपसायची. सगळ्या घरात तिला जास्त माया बापाचीच होती. ती माया रोलाँला सहन व्हायची नाही आणि तिच्याशिवाय तो राहूही शकत नव्हता.

मात्यू चलाख निघाला. चार वर्षांचा होईतो तो बहिणीच्या पुस्तकातलं तिच्याआधी वाचायला लागला. तो काही हुशारीचं बोलला की रोलाँला हसू यायचं आणि लगेच त्याचे डोळे सेलेस्तकडे जायचे. ती भावाकडे बघून कौतुकाने हसत असायची.

मात्यू सात वर्षांचा झाला त्या वर्षीची गोष्ट. रविवारी चर्चहून तो परस्पर पेपेरकडे, म्हणजे आजोबांकडे, गेला होता. दुपारी जेवायच्या वेळी आल्देरिक त्याला दारात सोडून गेला. टेबलावर डुकराचं मांस भरून भाजलेला तूर्तियेर होता, बटाटे होते. मात्यू आपल्या खुर्चीवर बसला, पण त्याने काटा उचलला नाही.

"पापा," तो म्हणाला, "पेपेर म्हणाले, तुम्ही त्या घरच्या खिडक्या घासल्या म्हणून सेलेस्त आजारी पडली."

रोलाँने हातातला काटा खाली ठेवला.

"हो," रोलाँ म्हणाला. "खरं आहे ते. रंगात विष होतं. मला घासायचं कसं ते माहीत नव्हतं."

मात्यूने खाली बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. वाटेत त्याने हे सगळं मनाशी जुळवत आणलं असावं, कारण पुढचं वाक्य तो अगदी हळू, एकेक शब्द ठेवत बोलला.

"ते माझ्यासाठी केलं होतं का? मी येणार होतो म्हणून?"

रोलाँने पोराच्या तोंडाकडे पाहिलं. सात वर्षं तो स्वतः जे पाठीवर घेऊन हिंडत होता ते आता या एवढ्याशा पाठीकडे निघालं होतं. तो आयुष्यात फार खोटं बोललेला माणूस नव्हता, आणि बोलला तरी पकडला जायचा.

"छे रे," तो म्हणाला. "तुझा काय संबंध? खिडक्या जुन्या झाल्या होत्या. तू आला नसतास तरी घासायच्याच होत्या."

मात्यूने त्याच्यावरची नजर हलवली नाही. मग ती आईकडे वळवली. आई सेलेस्तच्या ताटातलं मांस कापून देत होती. रोलाँही म्यूरिएलकडे बघत राहिला. तिने एक शब्द जरी वेगळा काढला असता तरी तो काही म्हणाला नसता.

सुरी थांबली नाही. म्यूरिएल म्हणाली, "किती वर्षं मागे लागले होते मी यांच्या. वारा यायचा त्यांतून. थंडीत पडदे हलायचे." मग मान वर करून तिने मात्यूकडे पाहिलं. "तू तर तेव्हा ध्यानीमनीही नव्हतास. जेव आता, गार होतंय."

मात्यूने काटा उचलला. तो भुकेला होता. थोड्या वेळाने तो शाळेतल्या कुठल्याशा मुलाचं सांगायला लागला, ज्याने मास्तरांच्या खुर्चीखाली बेडूक ठेवला होता, आणि सेलेस्त बेडकाला इतकी हसली की तिच्या नाकात दूध गेलं.

जेवणं झाल्यावर पोरं बाहेर गेली. म्यूरिएल भांडी विसळायला उभी राहिली. रोलाँ टेबलापाशीच बसून होता. तिने मागे न बघता हात लांब करून कोरडं फडकं त्याच्याकडे धरलं. तो उठला, तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि ती एकेक ताट देत गेली तसं पुसत गेला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबांना सांगावं लागेल. पुन्हा त्याच्यापाशी असलं काही बोलायचं नाही म्हणून."

"मी सांगतो," रोलाँ म्हणाला.

"एकट्याने नको. मी येते बरोबर."